कह्हालाची पेटी

मध्ययुगीन इस्लामी जगातल्या विज्ञानाचा विषय निघाला की आपल्याकडे दोन सूर हमखास ऐकू येतात. एक सूर अभिमानाचा. आजचे झाडून सारे शोध आमच्या पूर्वजांनी हजार वर्षांपूर्वीच लावले होते, युरोपने ते उचलले आणि स्वतःच्या नावावर खपवले, असे सांगणारा. दुसरा सूर हेटाळणीचा. अरबांनी ग्रीकांची पुस्तके सांभाळली आणि टपालवाल्यासारखी पुढे पोहोचवली, त्यात त्यांचे स्वतःचे असे काही नव्हते, असे म्हणणारा. दोन्ही सूर लावणाऱ्यांत एक साम्य असते. त्या काळचे एखादे पुस्तक उघडून पाहण्याची तसदी सहसा कोणी घेतलेली नसते.

आम्हांला तिसरी वाट बरी वाटते. थोर नावांच्या याद्या क्षणभर बाजूला ठेवाव्यात आणि त्या माणसांच्या हातात काय होते ते पाहावे. हत्यार कशासाठी घडवले, त्याचे टोक कसे ठेवले, ते किती खोल जाऊ द्यायचे, यावरून ते धरणाऱ्याला काय कळले होते हे समजते. काय कळले नव्हते, हेही त्यातूनच समजते. या लेखासाठी आम्ही डोळ्याच्या शस्त्रक्रियेची हत्यारे निवडली आहेत. मोतीबिंदूचे ऑपरेशन आज घराघरांतल्या म्हाताऱ्या माणसांचे झालेले असते, त्यामुळे विषय परका वाटू नये.

कह्हाल म्हणजे कोण?

अरबीत ‘कुह्ल’ म्हणजे सुरमा. डोळ्यांत सुरमा घालणारा, डोळ्यांवर इलाज करणारा तो ‘कह्हाल’. या ‘अल्-कुह्ल’पासूनच पुढे युरोपीय भाषांत ‘अल्कोहोल’ हा शब्द तयार झाला. आधी त्याचा अर्थ बारीक वस्त्रगाळ भुकटी असा होता, मग कशाचाही काढलेला अर्क असा झाला आणि शेवटी तो मद्यार्काला चिकटला. आपल्या मराठीतला ‘चष्मा’ही फारसी ‘चश्म’ म्हणजे डोळा या शब्दाच्याच घरातला.

इराक, शाम आणि मिसर हे देश धुळीचे, कडक उन्हाचे आणि माश्यांचे. खुपऱ्यांचा आजार तिथे घरोघरी होता. पापणीच्या आतल्या बाजूस खरखरीत दाणे उठायचे. आजार जुना झाला की पापणी आत वळायची आणि केस बुबुळाला घासू लागायचे. शेवटी बुबुळावर तांबड्या शिरांचे जाळे चढून माणूस आंधळा व्हायचा. या जाळ्याला अरब वैद्य ‘सबल’ म्हणत. नाकाच्या बाजूने बुबुळावर सरकणाऱ्या मांसाच्या पडद्याला ‘ज़फरा’ म्हणत. ‘ज़ुफ्र’ म्हणजे नख. उर्दूत त्यालाच ‘नाखुना’ म्हणतात, म्हणजे नाव भाषांतर होऊन पुढे आले आहे. आणि मोतीबिंदूला म्हणत ‘नुज़ूलुल्-मा’, म्हणजे पाणी उतरणे. इतके आजार आणि इतके रोगी असल्यावर डोळ्यांचा वैद्य ही त्या समाजाची रोजची गरज होती. तो साध्या हकिमाहून वेगळा, आपल्या पेटीतल्या हत्यारांनी ओळखला जाणारा कारागीर झाला.

पुस्तके कुठून आली?

ही विद्या आकाशातून पडली नाही, आणि ती एका कौमेचीही नव्हती. बगदादमध्ये हुनैन इब्न इसहाक (८०९–८७३) याने डोळ्यावर दहा प्रकरणे लिहिली. हुनैन हिरा गावचा नेस्टोरियन ख्रिस्ती. ग्रीक, सुरयानी आणि अरबी या भाषांवर त्याची हुकमत होती. गॅलनचे डोळ्याचे शरीरशास्त्र त्याने अरबीत इतके नीट मांडले की पुढची चारशे वर्षे प्रत्येक कह्हाल तिथूनच सुरुवात करी.

पूर्वेकडूनही एक धागा आला होता. इब्नुन्-नदीम याने ९८७ च्या सुमारास ‘फिहरिस्त’ ही ग्रंथांची मोठी सूची केली. तीत ‘सुस्रुद’ नावाच्या हिंदी पुस्तकाची नोंद आहे. यह्या इब्न खालिद बरमकी या वजिराच्या हुकमावरून मंका नावाच्या हिंदी वैद्याने त्याचा अर्थ अरबीत लावून दिला आणि इस्पितळात ते हाताशी ठेवले जात असे, असे ती नोंद सांगते. हे सुस्रुद म्हणजे आपली सुश्रुतसंहिता. तीत जवाच्या दाण्यासारखे तोंड असलेल्या शलाकेने मोतीबिंदू बाजूला सारण्याची कृती दिलेली आहे. म्हणजे बगदादच्या त्या मेजावर ग्रीक आणि हिंदी अशी दोन्ही पुस्तके होती.

या पायावर पुढच्यांनी इमारत चढवली. बगदादच्या अली इब्न ईसाने अकराव्या शतकाच्या सुरुवातीस ‘तज़किरतुल्-कह्हालीन’ हे पुस्तक लिहिले. त्यात डोळ्याच्या सुमारे १३० विकारांचे वर्णन आहे. इराणमध्ये अबू रूह मुहम्मद जुर्जानी याने १०८७–८८ मध्ये सल्जुक सुलतान मलिकशाहच्या काळात ‘नूरुल्-उयून’ हे पुस्तक अरबीऐवजी फारसीत आणि सवालजवाबाच्या रूपात लिहिले. लोक त्याला ‘ज़र्रीनदस्त’, म्हणजे सोन्याच्या हाताचा, म्हणत. वैद्याला मिळालेला हा किताब त्याच्या ज्ञानापेक्षा त्याच्या हाताचे कौतुक करतो, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

पेटीत काय होते?

हत्यारांची चित्रे पुस्तकात काढण्याची चाल रूढ केली ती अंदलुसच्या अबुल कासिम जहरावीने. कुर्तुबाजवळच्या मदीनतुज्-ज़हरा या राजनगरीचा हा वैद्य १०१३ च्या सुमारास वारला. त्याच्या ‘अत्-तसरीफ’ या ग्रंथाचे तीस भाग आहेत. शेवटचा भाग शस्त्रक्रियेचा असून त्यात सुमारे २०० हत्यारांच्या आकृत्या आहेत. बाराव्या शतकात क्रेमोनाच्या जेरार्डने तुलैतुला, म्हणजे आजच्या टोलेडो शहरात, त्याचे लॅटिन भाषांतर केले आणि युरोपचे शल्यवैद्य पुढची काही शतके ते वापरत राहिले.

निव्वळ डोळ्याच्या हत्यारांचे चित्रपट मात्र खलीफा इब्न अबिल्-महासिन या हलबच्या कह्हालाने दिले. त्याच्या ‘अल्-काफी फिल्-कुह्ल’ या पुस्तकात ३६ हत्यारांच्या आकृत्या आहेत आणि त्यांची नावे व उपयोग चौकटींत मांडलेले आहेत. हे पुस्तक तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातले. मोगलांनी, म्हणजे हलाकूच्या फौजांनी, १२५८ मध्ये बगदाद आणि १२६० मध्ये हलब उद्ध्वस्त केले, त्याच सुमाराचे. शहरे जळत होती त्या पिढीत एक माणूस बारीक कातर आणि तिच्याहून बारीक कातर यांतला फरक कागदावर काढून दाखवत होता.

या हत्यारांची नावे वाचताना मजा वाटते. ती जड ग्रंथांतून आलेली नाहीत, शेतातून, स्वयंपाकघरातून आणि बागेतून आली आहेत. एकाचे नाव विळा, एकाचे कुऱ्हाड, एकाचे भाला. एक ‘आस’ या झुडपाचे पान, आणि एक चक्क अर्धा गुलाब. कुऱ्हाड म्हणजे कपाळावरची शीर तोडण्याचे छोटे पाते. पुढे आकडा, ज्याला ‘सिन्नारा’ म्हणत, आणि तो मासेमारीच्या गळासारखाच असे. चिमटे, खुपऱ्यांचे दाणे खरवडण्याची खरवडणी, नासूर झालेल्या अश्रुपिशवीला डाग देण्याची डागणी आणि सुरम्याची सळई, म्हणजे ‘मील’. लोहाराला आणि तांबटाला हत्यार घडवायला सांगायचे तर त्याला समजेल असा आकार सांगावा लागतो. या नावांमागे तो व्यवहार असावा असे आम्हांला वाटते.

ज़फऱ्याची जहरावीने दिलेली कृती पाहावी. आकड्याने पडदा हलकेच उचलायचा. सुईत घोड्याचा केस आणि एक पक्का दोरा ओवून ती पडद्याखालून पार काढायची. दोऱ्याने पडदा वर ताणून धरायचा आणि केस करवतीसारखा पुढेमागे ओढत पडदा बुबुळापासून सोडवत न्यायचा. पाते बुबुळाला लागले तर डोळा जाईल, केस मात्र चिकटलेला पदर सोडवतो आणि खालचा भाग राखतो. शेवटी मूळ कातरीने कापायचे, पण नाकाकडच्या कोपऱ्यातले नैसर्गिक मांस राखायचे. ते कापले गेले तर त्या डोळ्यातून जन्मभर पाणी गळत राहील, असे तो बजावतो. सबलाची जाळी काढताना तो दुपारची वेळ आणि सूर्याकडे तोंड सांगतो. विजेचा दिवा नसलेल्या काळात ऑपरेशन थिएटरचा दिवा आभाळातला होता.

पाणी खाली दाबणे

आता मोतीबिंदू. याचे हत्यार ‘मिकदह’. तांब्यापितळेसारख्या धातूची सरळ सळई, बारीक, आणि टोक तीन धारांचे. कृती अशी. रोग्याला उजेडाकडे तोंड करून खाली बसवायचे. वैद्याने त्याच्यासमोर थोड्या उंच आसनावर बसायचे. रोग्याचा दुसरा डोळा पट्टीने बांधून टाकायचा, म्हणजे तो समोरचे पाहून दचकत नाही आणि ऑपरेशनच्या डोळ्याने खरोखर दिसू लागले की नाही याची खात्रीही होते. डावा डोळा असेल तर मिकदह उजव्या हातात, उजवा डोळा असेल तर डाव्या हातात. म्हणजे कह्हालाचे दोन्ही हात सारखेच चालले पाहिजेत.

बुबुळाच्या कडेपासून, कानशिलाच्या बाजूला, सळईच्या जाडीइतके अंतर सोडून टोक टेकवायचे आणि फिरवत फिरवत आत दाबायचे. टोक पोकळीत शिरल्याचे हाताला जाणवते. डोळ्याचे आवरण फार चिवट असेल तर आधी ‘बरीद’ नावाच्या टोकदार हत्याराने वरच्या पदराला छिद्र पाडून घ्यायचे. मग बुबुळाच्या स्वच्छ काचेतून आतले टोक दिसू लागते. ते मोतीबिंदूच्या वर नेऊन त्याला खाली दाबायचे. खाली बसला की रोग्याला त्याच क्षणी दिसू लागते. वर आला तर पुन्हा दाबायचे. बसला की सळई फिरवतच हळू बाहेर काढायची. नंतर डोळ्यावर अंड्याच्या बलकाची व गुलाबतेलाची घडी ठेवून दोन्ही डोळे बांधायचे आणि रोग्याला अंधाऱ्या खोलीत उताणे निजवायचे. खोकायचे नाही, शिंकायचे नाही, मान हलवायची नाही.

आजच्यासारखी भूल नव्हती, हे लक्षात ठेवून वरचा परिच्छेद पुन्हा वाचावा. रोगी शुद्धीवर आहे, आणि त्याच्या डोळ्यात धातूची सळई फिरते आहे. म्हणून ऑपरेशन कोणाचे करायचे नाही, हेही ही पुस्तके तितक्याच बारकाईने सांगतात. एक डोळा झाकल्यावर दुसऱ्याची बाहुली मोठी होते का, रोग्याला उजेड तरी कळतो का, हे आधी तपासायचे. उजेडही कळत नसेल तर मिकदह बाहेर काढायचाच नाही. हलबच्या खलीफाला आपल्या हाताचा इतका भरवसा होता की एकच डोळा उरलेल्या माणसाचे ऑपरेशन त्याने केले, असे तो नोंदवतो. दुसऱ्या कुणी ते धाडस केले नसते.

तबरियाचा माणूस

या साऱ्या इतिहासातले सर्वांत नवलाचे हत्यार मौसिलच्या अम्मार इब्न अलीचे. हा फिरता कह्हाल. इराक, खुरासान, शाम, फलस्तीन असे करीत तो मिसरमध्ये स्थिरावला आणि फातिमी खलीफा अल्-हाकिम (राज्यकाळ ९९६–१०२१) याच्या नावे त्याने ‘अल्-मुन्तखब’ हे पुस्तक लिहिले. त्यात मोतीबिंदूच्या सहा ऑपरेशनांच्या हकिकती आहेत. रोगी कोण, कुठला, डोळ्यात काय झाले होते आणि पुढे काय झाले, अशा. वैद्यकाच्या पुस्तकातली ही पाने एखाद्या रोजनिशीसारखी वाटतात.

अम्मारने पोकळ सळई घडवली होती. कल्पना अशी की मोतीबिंदू खाली दाबायचाच नाही, सळईच्या नळीतून ओढून बाहेर काढायचा. म्हणजे तो पुन्हा वर येण्याची भीती उरत नाही. पण हत्यार तयार असूनही त्याने ते कोणावर वापरले नव्हते. तबरिया गावी त्याच्याकडे एक माणूस आला. ऑपरेशनला तो राजी होता, पण त्याची एक अडचण होती. त्याला उताणे निजता येत नव्हते. आणि दाबण्याच्या ऑपरेशनानंतर उताणे निजणे तर सक्तीचे. अम्मारने पोकळ सळई काढली आणि मोतीबिंदू ओढून घेतला. त्या माणसाला लगेच दिसू लागले. त्याला हवे तसे तो झोपला, फक्त सात दिवस डोळ्यावर पट्टी राहिली. पुढे मिसरमध्ये आपण या सळईने पुष्कळ ऑपरेशने केली आणि आपल्याआधी ती कोणी वापरलेली नाही, असे अम्मार सांगतो.

इथे न्याय करायला हवा. काचेच्या नळीने मोतीबिंदू ओढून काढण्याची गोष्ट ग्रीक वैद्य अँटिलस याच्या नावाने राज़ीच्या ‘अल्-हावी’त येते. तेव्हा कल्पना अगदीच नवी नव्हती. पण धातूची पोकळ सुई घडवणे, ती बुबुळाच्या बाजूने पांढऱ्या भागातून आत नेणे आणि रोग्याची हकिकत लिहून ठेवणे, हे अम्मारचे. आणि या सुधारणेचे निमित्त एक अनाम माणूस झाला. रोग्याने आपल्या विद्येप्रमाणे वागावे असा हट्ट न धरता अम्मारने विद्या रोग्याप्रमाणे वळवली. आम्हांला त्याच्या सुईइतकेच हेही मोलाचे वाटते.

बातमी किती दूर गेली पाहा. इकडे कुर्तुबात जहरावी लिहितो की इराककडच्या एका माणसाकडून आपण ऐकले, तिकडे म्हणे पाणी ओढून घेणारा पोकळ मिकदह बनवतात. आमच्या मुलखात आपण तो पाहिलेला नाही, जुन्यांच्या पुस्तकांत वाचलेला नाही, नवा निघाला असेल, असे तो सरळ सांगतो. न पाहिलेल्या गोष्टीची बढाई त्याने मारली नाही आणि ती नाकारलीही नाही.

चुकीचा सिद्धांत आणि बरोबर हात

आता ज्यावर अभिमानवाले बोलत नाहीत ते बोलू. मोतीबिंदू म्हणजे काय, हे या कोणालाच माहीत नव्हते. गॅलनपासून समज असा की पाहण्याचे काम डोळ्यातले स्फटिकासारखे भिंग करते आणि मेंदूकडून दूषित पाणी उतरून त्या भिंगापुढे गोठते. ते गोठलेले पाणी खाली दाबायचे. म्हणून ‘नुज़ूलुल्-मा’. लॅटिन भाषांतरात या पाण्याचा ‘कॅटरॅक्टा’ म्हणजे धबधबा झाला आणि इंग्रजीतले आजचे नाव तिथून आले. फारसीत ‘आब-ए-मरवारीद’, मोत्याचे पाणी. मराठीतही मोतीच आहे आणि बिंदूही आहे.

वास्तविक गढूळ होते ते भिंगच. कह्हाल जे दाबत होते ते पाणी नव्हतेच, ते डोळ्याचे भिंग होते. अम्मार ज्या काळी कैरोत लिहीत होता त्याच काळी, त्याच खलीफाच्या शहरात इब्नुल्-हैसम (मृत्यू १०४० च्या सुमारास) प्रकाशावर काम करीत होता. डोळ्यातून किरण बाहेर जातात हा जुना समज त्याने खोडून काढला. पण पाहण्याचे स्थान स्फटिक भिंगातच आहे, हे त्यानेही मानले. गंमत अशी की ज्याचे भिंग खाली पाडले तोही पाहू शकतो, हा पुरावा कह्हालांच्या हाताखाली रोज घडत होता. पण आपण भिंग पाडतो आहोत हेच ठाऊक नसल्याने तो पुरावा कोणाला दिसला नाही. सिद्धांत पक्का धरून ठेवला की समोरची वस्तूही दिसत नाही, आणि हा आजार कोणत्याही काळात कोणत्याही कौमेला होतो.

मोतीबिंदू म्हणजे गढुळलेले भिंग, हे अठराव्या शतकाच्या सुरुवातीस फ्रान्समध्ये ठरले. जाक दाव्हिएलने १७४७ मध्ये बुबुळाला छेद देऊन अख्खे भिंग बाहेर काढले आणि नवे युग सुरू झाले. सळईने दाबण्यात भिंग डोळ्यातच पडून राहते, कुजते, दाब वाढतो, पू होतो. शिवाय भिंग गेल्यावर जाड चष्मा लागतो, आणि चष्मा तेराव्या शतकाच्या अखेरीस इटलीत निघाला. म्हणजे अम्मारच्या रोग्याला ‘दिसू लागले’ याचा अर्थ माणूस आणि दार ओळखू आले इतकाच घ्यावा. अक्षर लागले असेल असे नाही. पुस्तकांत यशाच्या हकिकती येतात, पट्टी सोडल्यावर कायमचे गेलेले डोळे कोणी मोजले नव्हते.

अम्मारची सळई का पसरली नाही, याचेही कारण यातच दिसते. कोवळ्या वयातला मऊ मोतीबिंदू नळीतून येऊ शकतो. म्हाताऱ्याच्या डोळ्यातले कठीण भिंग बारीक नळीतून येणार नाही, आणि नळी जाड केली तर डोळ्याला जखम मोठी. तिचा उल्लेख पुढच्या ग्रंथांत येतो, पण दाबण्याचीच रीत चालत राहिली. ओढून काढण्याची कल्पना १८४६ मध्ये पॅरिसमध्ये ब्लांशेने पुन्हा हाती घेतली, आणि १९६७ मध्ये न्यूयॉर्कच्या चार्ल्स केलमनने आधी ध्वनिलहरींनी भिंगाचा चुरा करून मग पोकळ सुईने ओढण्याची युक्ती काढली. आज आपण जिला बिनटाक्याचे ऑपरेशन म्हणतो ती हीच. केलमनचा शोध मुसलमानांनी आधीच लावला होता असे आम्ही म्हणणार नाही. मधले अंतर हजार वर्षांचे आहे आणि ते अनेक देशांच्या माणसांनी चालून पार केले आहे. इतकेच म्हणू की त्या रस्त्यावर एक पाऊल तबरियाचे आहे.

हत्यार कोणाच्या हाती द्यायचे?

डोळ्यात सळई घालणारा माणूस खरा की भोंदू, हे रोग्याने कसे ओळखावे? या प्रश्नाचे उत्तर त्या समाजाने बाजाराच्या कारभारात शोधले. बाजारावर देखरेख ठेवणारा मुहतसिब नावाचा अधिकारी असे. बाराव्या शतकात शामच्या शैज़रीने त्याच्यासाठी मार्गदर्शक पुस्तक लिहिले. त्यात लिहिले आहे की कह्हालाची हुनैनच्या दहा प्रकरणांवर परीक्षा घ्यावी. डोळ्याचे सात पदर आणि तीन रस त्याला सांगता आले, त्यांचे आजार आणि औषधे सांगता आली, तरच त्याला लोकांच्या डोळ्यांना हात लावू द्यावा. त्याची पेटीही तपासावी. सबलाचे आणि ज़फऱ्याचे आकडे आहेत का, खरवडणी आहे का, शीर तोडण्याचे पाते आहे का, हे पाहावे.

रस्त्यावर बसणाऱ्या कह्हालांवर मात्र विश्वास ठेवू नये, असे तो स्पष्ट सांगतो. हे लोक पिष्ठ आणि डिंक कालवून सुरम्याच्या कांड्या करतात, तांबडी हवी तर शेंदूर घालतात आणि पिवळी हवी तर केशर, असे त्यांचे उद्योगही तो नोंदवतो. भेसळ ही काही आजची गोष्ट नाही.

या परीक्षेशी जुळणारी एक कथा राज़ीबद्दल सांगतात. थोर हकीम मुहम्मद इब्न ज़करिया राज़ी (मृत्यू ९२५ च्या सुमारास) म्हातारपणी मोतीबिंदूने आंधळा झाला. एक कह्हाल ऑपरेशनला आला. राज़ीने विचारले, डोळ्याला पदर किती? त्याला सांगता येईना. तेव्हा राज़ी म्हणाला की ज्याला हे ठाऊक नाही त्याच्या हातची सळई माझ्या डोळ्याला नको. कथा खरी असो वा रचलेली, ती सांगणाऱ्यांना काय महत्त्वाचे वाटत होते हे तीतून कळते. हात चांगला असला तरी त्यामागे अभ्यास हवा, असा तिचा मथितार्थ.

इलाज गरिबाला परवडावा यासाठी बीमारिस्तान होते. दमिश्कचा नूरी बीमारिस्तान ११५४ चा. कैरोत सुलतान कलावूनने १२८४ मध्ये उभारलेल्या मन्सूरी बीमारिस्तानात डोळ्यांच्या रोग्यांसाठी वेगळे दालन होते, आणि विसाव्या शतकात त्याच आवारात नेत्ररुग्णालय उभे राहिले.

पुस्तके कोणी राखली?

अम्मारचे पुस्तक तेराव्या शतकात रोममध्ये नातान हमेआती या यहुदी विद्वानाने हिब्रूत नेले. १९०४–०५ मध्ये बर्लिनचा यहुदी नेत्रवैद्य युलियस हिर्शबर्ग याने अरबी जाणकारांना सोबत घेऊन अली इब्न ईसा, अम्मार, खलीफा आणि हमातचा सलाहुद्दीन यांना जर्मनमध्ये आणले. हुनैनची दहा प्रकरणे १९२८ मध्ये कैरोत छापून काढली ती माक्स मायरहोफने. हाही जर्मन यहुदी, हाही नेत्रवैद्य. कैरोत तो गरिबांच्या डोळ्यांवर इलाज करी आणि उरलेल्या वेळात हस्तलिखिते वाचत बसे. १९४५ मध्ये तो तिथेच वारला. ज्या विद्येत ग्रीक, हिंदी, ख्रिस्ती, मुसलमान आणि यहुदी असे सारे हात लागले, ती एकट्या आपल्या नावावर लावून घेणे हा त्या विद्येचाच अपमान होईल.

आणि या कहाणीला एक दख्खनी पानही आहे. अली इब्न ईसाचे ‘तज़किरतुल्-कह्हालीन’ मूळ अरबीत १९६४ मध्ये छापले गेले ते आपल्या हैदराबादेत, १८८८ मध्ये स्थापन झालेल्या दायरतुल्-मआरिफ या संस्थेत. राज़ीचा ‘अल्-हावी’ही तिथेच छापला गेला. ज्या हैदराबाद संस्थानात आमचा मराठवाडा होता, त्याच्याच राजधानीतली ही संस्था.

मग आमचे काम काय? आपल्याकडे मदरशांतून अरबी शिकलेली शेकडो तरुण माणसे आहेत. ज्यांच्या आईबापांनी रिक्षा चालवून, विड्या वळून मुलांना डॉक्टर केले अशी घरेही आता गावोगाव आहेत. हे दोघे एकमेकांच्या शेजारी राहतात, पण एका मेजावर क्वचितच बसतात. बगदादमध्ये हुनैन आणि मंका यांची पुस्तके एका मेजावर आणणारे कोणी होते, म्हणून पुढचे सारे घडले. अरबी वाचणाऱ्याने अम्मारच्या त्या सहा हकिकती मोठ्याने वाचाव्यात, डोळ्याच्या डॉक्टरने त्यांतले बरोबर काय आणि चूक काय ते सांगावे, आणि तिसऱ्याने ते साध्या मराठीत उतरवावे. सहा हकिकती म्हणजे फार मोठे काम नाही. तबरियाच्या माणसापासून सुरुवात करावी.